गॅलरीतील राजकारण आणि सत्तेची लाठी

फुटबॉलच्या मैदानात राजकारण नको, असे म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण त्यांच्या मागणीत एक गल्लत आहे, असे मला वाटते. राजकीय मत आणि राजकीय अतिरेक या दोन भिन्न गोष्टी आहेत.

१८ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागान व ईस्ट बंगाल यांच्यात ड्युरंड चषकाचा सामना व्हायचा होता. आर. जी. कर रुग्णालयातील डॉक्टर तरुणीवरील बलात्कार आणि तिची हत्या यांमुळे शहर संतप्त होते. सुरक्षेचे कारण देऊन सामना रद्द झाला. तेव्हा या दोन परंपरागत प्रतिस्पर्ध्यांचे समर्थक, मोहमेडन स्पोर्टिंगच्या चाहत्यांसह, सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर एकत्र आले. मागणी न्यायाची होती. वाट्याला लाठीमार आला.

प्रशासनाला गर्दीचे भय वाटावे, यात नवल नाही. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात १६ जणांनी प्राण गमावले होते. परंतु गर्दीचे नियोजन वेगळे आणि मताची मुस्कटदाबी वेगळी.

खरा अतिरेक कसा असतो, हे युगोस्लाव्हियाने पाहिले. १३ मे १९९० रोजी झाग्रेबमध्ये दिनामो आणि बेलग्रेडचा रेड स्टार यांच्या समर्थकांत दंगल उसळली. रेड स्टारच्या चाहत्यांचा म्होरक्या होता ‘आर्कान’. त्याच वर्षी त्याने सशस्त्र दल उभारले आणि त्यासाठी माणसे त्याच गॅलरीतून उचलली. बोस्नियातील युद्धात या दलाने केलेल्या अत्याचारांबद्दल हेगच्या न्यायाधिकरणाने पुढे आर्कानवर आरोप ठेवले. हा माणूस सत्तेचा विरोधक नव्हता. गुप्तचर यंत्रणेशी त्याचे जुने लागेबांधे होते.

म्हणून फलक दिसताच दोन प्रश्न विचारले पाहिजेत. तो जाब कोणाला विचारतो, सत्तेला की शेजाऱ्याला? आणि तो धरणाऱ्यांच्या पाठीशी कोणाचे अभय आहे? जानेवारी २०२० मध्ये ईस्ट बंगालच्या चाहत्यांनी नागरिकत्व नोंदवहीविरुद्ध फलक झळकावले. त्यांच्यातील अनेकांची कुटुंबे फाळणीत निर्वासित झालेली. त्यांचे म्हणणे कोणाला अमान्य असू शकेल. पण तो अतिरेक नव्हे. उद्या त्याच गॅलरीतून एखाद्या समाजाला हुसकावण्याच्या घोषणा उठल्या, तर मात्र कायद्याने तत्काळ हस्तक्षेप केला पाहिजे, त्या घोषणा सत्ताधाऱ्यांच्या कितीही सोयीच्या असोत.

प्रशासनाची कसोटी तेथेच आहे. न्याय मागणाऱ्यांवर तत्परतेने उगारली जाणारी लाठी सोयीच्या द्वेषापुढे म्यान होत असेल, तर अतिरेकाला खतपाणी गॅलरी घालत नाही, सत्ताच घालते.