एक प्रत घराबाहेर हवी
जमिनीचे फेरफार, खरेदीखते, वाडवडिलांची छायाचित्रे घरच्या सर्व्हरवर उतरवली, की मुरबाडमधील कुटुंबही निर्धास्त होते. ही निर्धास्ती फसवी आहे. डिस्क दोन असल्या तरी छत एकच असते. चुकून पुसलेली फाइल तर दोन्हींवरून एकदमच जाते. २६ जुलै २००५ च्या महापुरात ठाणे जिल्ह्यातील कित्येक घरांतील कागदपत्रे नष्ट झाली. २१ जून २०१२ च्या आगीत खुद्द मंत्रालयातील फायली जळाल्या.

तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडूनही लोकमुखी तरली, असे परंपरा सांगते. अनेक ठिकाणी असणे हेच खरे संरक्षण होय.

म्हणून तीन प्रती, दोन माध्यमे आणि त्यांपैकी एक प्रत घराबाहेर, हा दंडक पाळावा. बाहेरची प्रत रोज रात्री आपोआप क्लाउडवर जावी. ती कोणाच्या आठवणीवर सोडू नये. जुन्या आवृत्त्या काही महिने राखाव्यात. मजकूर घरातच कूटबद्ध करून पाठवावा आणि परवलीचा शब्द कागदावर लिहून विश्वासू आप्ताकडे ठेवावा. महिन्यातून एकदा एखादी फाइल परत उतरवून पाहावी. वेळेला परत मिळत नाही, त्या प्रतीचा पुढील पिढीला काय उपयोग?