शेवटच्या रेडिएशननंतरचे पंधरा दिवस

पाचगणीला आजारी माणूस घेऊन यायची चाल जुनी आहे. क्षयावर औषध नव्हतं तेव्हा डॉ. बिलिमोरियांच्या ‘बेल एअर’ सॅनेटोरियममध्ये रोगी महिनोन्‌महिने राहायचे, इथली हवा खायला. क्षय आता गोळ्यांनी बरा होतो, पण हवापालटाची सवय काही सुटलेली नाही. माझ्या घरात वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत, त्या मी भाड्यानं देते. अलीकडे तिथं स्तनाच्या कॅन्सरचे उपचार नुकते संपवलेल्या बायका येऊ लागल्यात. ऑपरेशन झालेलं, केमो झालेली, आणि घरचे हुश्श करून सांगतात, “परवा शेवटचं रेडिएशन झालं. आता आठ दिवस निवांत.”

माझी थोरली बहीण अशीच आली. आली तेव्हा छाती उन्हात रापल्यासारखी लाल होती, एवढंच. चौथ्या दिवशी स्तनाखालच्या घडीतली कातडी सुटली. ताईनं दोन दिवस कुणाला सांगितलं नाही. ब्लाउजचं कापड जखमेला चिकटलं, ते सोडवताना किंचाळली, तेव्हा मला कळलं. मग मी शहाणपणा केला. हळद तुपात कालवून लावली, आईनं शिकवलेलं ना! ताई रात्रभर तळमळली. सकाळी हॉस्पिटलात फोन लावला, तर नर्सबाईंनी आधी मला झापलं आणि मग म्हणाल्या, “हे तर अपेक्षितच होतं.” अपेक्षित होतं, तर घरी पाठवताना सांगायचं कुणी? कागदावर फक्त ‘क्रीम लावणे’ एवढंच लिहिलेलं होतं.

म्हणून हे लिहितेय. रेडिएशन संपलं म्हणजे भाजणं संपलं, असं धरून चालू नका. आपली कातडी खालून वर वाढते. खालच्या थरात नव्या पेशी तयार होतात, वरच्या जुन्या झडत जातात. किरणांनी खालचा कारखाना थंडावतो, वरचं झडणं मात्र चालूच राहतं. त्यामुळे उपचार सुरू झाल्यावर पहिले दहा-पंधरा दिवस फारसं काही दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लाली, खाज आणि आग सुरू होते, आणि सगळ्यांत वाईट दिवस येतात ते शेवटच्या रेडिएशननंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी. थोडीफार लाली बहुतेकींना येते. कातडी सुटून ओली जखम त्यामानानं थोड्यांना होते, तीही बहुधा काखेत किंवा स्तनाखाली, जिथं घाम साठतो आणि कातडीला कातडी घासते. अंगानं भरलेल्या बायकांना त्रास जास्त. यात कुणाची हयगय नसते. किरणोत्सर्ग शोधणाऱ्या बेकरेलनं 1901 साली रेडियमची नळी खिशात ठेवली होती, त्याचीही कातडी अशीच उशिरा भाजली.

तर हा चुलीचा चटका नाही, आणि चुलीच्या चटक्याचे उपाय इथं चालत नाहीत. बर्फ, टूथपेस्ट, बाम, गरम पाण्याची पिशवी, टाल्कम पावडर, यातलं काहीही नको. हळदीचं मला विशेष सांगायचंय, कारण आपला तिच्यावर फार जीव. मंगळूरला हळद-चंदनाचं तयार क्रीम रुग्णांवर वापरून पाहिलं गेलं, आणि लाली थोडी उशिरा, थोडी कमी आली असं दिसलं. पण रुग्ण मोजकेच होते आणि क्रीम अखंड कातडीवर होतं. डब्यातली हळद उघड्या जखमेवर टाकणं ही अगदी वेगळी गोष्ट, आणि ते मी करून बसलेय. कोरफडीचंही तसंच. गार वाटते, पण भाजणं टळतं असं अभ्यासांत नक्की सिद्ध झालेलं नाही.

ज्याचा उपयोग होतो ते साधं आहे. आंघोळ रोज करा. पाणी लागू द्यायचं नाही हा जुना समज आहे. कोमट पाणी, सौम्य साबण, घासणी नाही, हातानंच. उपचार चालू असतील तर रेडिएशनसाठी कातडीवर केलेल्या खुणा मात्र पुसायच्या नाहीत. जुन्या सुती साडीच्या मऊ तुकड्यानं टिपून घ्या, चोळू नका. काखेतले केस ब्लेडनं काढू नका. मोमेटासोन नावाचं स्टेरॉइड क्रीम पहिल्या दिवसापासून लावलं तर त्रास कमी होतो, हे चांगलं सिद्ध झालंय. ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. मेडिकलमधून ‘खाजेची ट्यूब’ म्हणून मिळेल ती उचलू नका. कॅनडात 376 बायकांच्या अभ्यासात काहींना सिलिकॉनची पातळ फिल्म पहिल्या दिवसापासून चिकटवून पाहिली. मध्यम किंवा तीव्र भाजणं शंभरात 46 जणींवरून 16 वर आलं. ती महाग पडते, सगळीकडे मिळतही नाही. तरी विचारायला काय जातं?

कपड्यांचं दुखणं तर पुरुष डॉक्टरांच्या लक्षातच येत नाही. घट्ट ब्लाउज, तारेची ब्रा, गाडीतला सीटबेल्ट, खांद्यावरची पर्स, सगळं त्याच जागी घासतं. ताईला शेवटी आमच्या ह्यांची जुनी, धुऊन धुऊन विरलेली सुती बंडी घातली, तीही उलटी, म्हणजे शिवण बाहेर. पंधरा दिवस ती त्याच अवतारात होती. स्तनाखालच्या घडीत मऊ सुती फडकं ठेवा, ओलं झालं की बदला. पाचगणीच्या पावसाळ्यात कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, आणि दमट कापड घडीत राहिलं की बुरशी धरते. म्हणून इस्त्री फिरवून कोरडं करूनच घाला. थंडीत लोकरीचा स्वेटर थेट अंगावर नको, टोचतो.

उन्हाचं आणखी एक. आमची पाचगणी समुद्रसपाटीपासून तेराशे मीटर उंच. हवा गार, म्हणून ऊन जाणवत नाही. पण उंचीबरोबर अतिनील किरण वाढतात, आणि पातळ ढगांतूनही खाली येतात. टेबललँडवर फिरायला जा, स्ट्रॉबेरीच्या मळ्यात जा, पण गळ्यापासून खांद्यापर्यंत पदर घेऊन. भाजलेल्या कातडीनं पुढंही कायम सांभाळूनच राहायचं असतं.

जखम ओली झाली तर घरगुती डोकं चालवू नका. न चिकटणारं ड्रेसिंग लागतं. कापूस ठेवला तर तो चिकटतो आणि काढताना नवी कातडी घेऊन येतो. ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला, पू आला, वास येऊ लागला, लाली पसरायला लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, रविवार असला तरी. केमो नुकतीच झालेली असेल तर एक तासही थांबू नका. उरलेल्या बऱ्याच जणींची जखम तीन-चार आठवड्यांत भरते. कातडी काळसर राहते, ती हळूहळू फिकी होते.

उपचार अजून चालू असतील आणि आग सहन होत नसेल, तर मनानं रेडिएशन बुडवू नका. खंड पडला तर उपचाराचा गुण कमी होतो. सांगा, थांबायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. पूर्वी 25 दिवस जावं लागायचं, आता बहुतेकींना 15 दिवसांत भागतं, काहींना पाचच, आणि त्यात कातडीला त्रासही कमी होतो. हेही सुरुवातीलाच विचारा. खर्चाची चिंता असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेतल्या हॉस्पिटलात ‘आरोग्यमित्र’ बसतो, त्याला गाठा. एसटीच्या तिकिटातही कर्करुग्णांना सवलत आहे.

घरच्यांना एवढंच सांगते, की बाई स्वतःहून दाखवणार नाही. छातीची जखम आहे, लाज वाटते. ‘काही हवंय का?’ असं दारातून विचारू नका. बहिणीनं, सुनेनं, किंवा नवऱ्यानंही रोज एकदा आरशाजवळ उभं राहून पाहावं. ताईला सगळ्यांत जास्त धीर आला तो भावोजींनी ड्रेसिंग बदलायला शिकल्यावर. आणि हो, बाहेरून दिलेल्या किरणांनी बाई स्वतः किरणं सोडत नाही. नातवाला खुशाल मांडीवर घेऊ द्या.

शेवटच्या रेडिएशनच्या दिवशी पेढे वाटा, पण निघण्याआधी तिथला फोन नंबर आणि दहा दिवसांनंतरची तपासणीची तारीख लिहून घ्या. तोवर हॉस्पिटलाजवळच राहा. पाचगणीला त्यानंतर या. खोल्या कुठं जात नाहीत.