ईएमआयच्या पलीकडलं घर

भाड्याच्या घरात गीझर बिघडला की घरमालकाला फोन लावायचा, बास! स्वतःच्या फ्लॅटमध्ये घरमालक आपणच. डिसेंबरात, ऐन पुणेरी थंडीत माझ्या गीझरनं मान टाकली. मेकॅनिकनं कॉइल बाहेर काढली, तर तिच्यावर पांढरा जाड थर. बोअरच्या जड पाण्यातले हे क्षार! त्यांच्यामुळे पाणी उशिरा तापतं, बिल वाढतं, शेवटी कॉइल जळते. टाकीला गंजापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा रॉडही झिजून गेलेला.

आदर्श उपविधींनुसार सोसायटी दुरुस्ती निधी घेते, वर्षाला बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के. पण तो जिने-गच्चीसाठी. बाथरूममधला गीझर आपल्याच खिशातून. मग आपलाही दुरुस्ती निधी नको? मी ईएमआयच्या तारखेलाच थोडे पैसे वेगळ्या खात्यात टाकते. आणि गीझरची सर्व्हिसिंग? दिवाळीआधीच, बॉस!