झेरॉक्स काढणारा मास्तर चोर नाही

आम्ही शिक्षक आहोत. दोनशिक्षकी शाळेत शिकवणारे आहोत तसे कॉलेजात शिकवणारेही आहोत. पोरं जास्त आणि पुस्तकं कमी, ही अडचण दोन्हीकडे सारखीच. लायब्ररीतल्या एकुलत्या एक प्रतीतून चार पानं झेरॉक्स करून वाटायची म्हटलं, की कुणीतरी पुस्तकाच्या सुरुवातीची बारीक टायपातली सूचना दाखवतो: लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग वापरू नये. मुख्याध्यापक म्हणतात, "सर, भानगड नको." आणि ती चार पानं वर्गापर्यंत पोचतच नाहीत.

ही भीती घालवायला आम्ही एकत्र आलो आहोत.

ती सूचना म्हणजे कायदा नव्हे. कायदा आहे १९५७ चा, कॉपीराइटचा. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने प्रत काढली तर तो हक्कभंग नाही, असं त्याच्या कलम ५२ मध्ये लिहिलेलं आहे. प्रश्नपत्रिकेतला उतारा या सवलतीत येतो. गॅदरिंगला पोरांनी आणि शिक्षकांनी बसवलेलं नाटकही येतं, फक्त प्रेक्षक शाळेचे आणि पालक असावेत. तिकीट लावून गावाला खेळ दाखवायचा तर रीतसर परवानगी घ्यावी. संसदेने दिलेली सवलत छापखान्यातल्या एका ओळीने रद्द होत नाही. बी.एड.च्या वर्गात हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. पाठटाचणाचे रकाने मात्र पाठ करून घेतले!

या कलमाची कसोटी दिल्लीत लागली. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या बड्या प्रकाशकांनी दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी या छोट्या दुकानावर आणि दिल्ली विद्यापीठावर दावा लावला. प्राध्यापकांनी नेमलेल्या वाचनाची पानं एकत्र बांधून दुकान विकत होतं, हा आक्षेप. खुद्द अमर्त्य सेन यांनी दावा पुढे रेटू नका म्हणून प्रकाशकांना कळवलं. सप्टेंबर २०१६ मध्ये न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये अपिलात खंडपीठाने कसोटी सांगितली: शिकवण्याच्या हेतूला लागेल तेवढं घ्या. अमुक टक्के पानं असा हिशेब त्यांनी घातला नाही, आणि मशीनचं बटण शिक्षकानेच दाबलं पाहिजे असंही म्हटलं नाही. त्या संचांतलं काय गरजेपुरतं होतं एवढं तपासायला त्यांनी दावा पुन्हा चालवायला सांगितला. पण २०१७ मध्ये प्रकाशकांनीच दावा मागे घेतला.

'गरजेपुरतं' ही अट आम्हालाही बांधते. अख्खी कादंबरी झेरॉक्स करून स्पायरल बाइंडिंगमध्ये विकणारा आमचा माणूस नाही. मराठी पुस्तकाची आवृत्ती छोटी, लेखकाचं मानधन त्याहून छोटं. त्यात हात घालून पोरं शिकवायची आम्हाला लाज वाटेल. शक्य तिथे शाळेने पुस्तक विकत घ्यावं, यासाठी आम्हीच भांडू. आणि लेखकाचं नाव कधी गाळणार नाही. व्हॉट्सॲपवर कुणाचंही काहीही पु. लं.च्या नावावर खपवलं जातं, त्यात मास्तरांचा वाटा थोडाथोडका नाही.

जे मुळात सगळ्यांचं झालं आहे, त्याचं तर भय नकोच. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, मर्ढेकर १९५६ मध्ये. केशवसुत, बालकवी त्याच्या कितीतरी आधी. यांच्या ओळी फळ्यावर लिहायला परवानगी शोधणं म्हणजे आपल्याच विहिरीचं पाणी शेंदायला शेजाऱ्याची चिठ्ठी मागणं. अत्रे १९६९ मध्ये गेले. त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे, तिथे कलम ५२ आहेच.

खरी अडचण पडद्यावरच्या वर्गाची आहे. कोरोनात आम्ही मोबाइलवर शिकवलं आणि तेव्हापासून वर्गाच्या भिंती पुन्हा पूर्वीसारख्या झाल्या नाहीत. कलमातला शब्द मात्र प्रत काढण्याचा. ऑनलाइन तासाला धडा पडद्यावर दाखवणं, तो तास आजारी मुलासाठी साठवून ठेवणं, याबद्दल तिथे थेट काही म्हटलेलं नाही. संसदेने ते स्पष्ट लिहावं: नोंदवलेल्या विद्यार्थ्यांपुरता चालणारा ऑनलाइन वर्ग हाही वर्गच. साऱ्या जगाला खुल्या असलेल्या यूट्यूब चॅनलसाठी आम्ही ही सवलत मागत नाही. त्यात जाहिरातीचे पैसे आले की गोष्ट वेगळी होते.

राज्याची पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या बालभारतीने हक्कांच्या सूचनेखाली शिक्षकांची सवलतही छापावी. खासगी प्रकाशकांना तेच सांगणं सोपं जाईल. डी.एल.एड. आणि बी.एड.च्या अभ्यासक्रमात या कलमावर एक तास तरी असावा.

सरकार हलेल तेव्हा हलेल. येत्या जूनपासून आमच्या प्रत्येक झेरॉक्सच्या तळाशी लेखक, पुस्तक, प्रकाशक आणि 'कलम ५२ अन्वये, फक्त वर्गासाठी' असं लिहिलेलं असेल. कुणाची हरकत असेल तर त्याने शाळेत यावं, शेवटच्या बाकावर बसून तो तास पाहावा आणि मग खुशाल नोटीस द्यावी.