मोबाईल मुलीच्या हाती



चातुर्मासातल्या कार्यक्रमांचे व्हिडिओ आपल्या ग्रुपवर येतात. त्यात मंच दिसतो, बोली घेणारे दिसतात. पहाटेपासून चौका सांभाळणाऱ्या बायका मात्र कुठेच नसतात, कारण मोबाईल पुरुषांच्या हातात असतो.

मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत अंजली मोंतेरो यांनी पती के. पी. जयशंकर यांच्यासोबत वर्षानुवर्षं तरुण मुलामुलींना माहितीपट करायला शिकवलं. या दोघांचा 'शी राइट' (२००५) चार तमिळ कवयित्रींवर आहे. त्यांतल्या सलमा यांची शाळा वयात येताच सुटली. लग्नानंतर त्या घरच्यांपासून लपून कविता लिहीत. आपल्याकडेही अशा किती असतील, कुणी विचारलंय?

आपण मात्र मुलींचा मोबाईल काढून घेतो. का, तर बिघडतील! मला हे पटत नाही. रील बघत बसणं वेगळं. आजीला समोर बसवून प्रश्न विचारणं, नको ते कापणं, तिला आधी दाखवून मगच पुढे पाठवणं वेगळं. त्याला संयम लागतो.

पाठशाळेच्या उन्हाळी शिबिरात मेंदीसोबत हाही वर्ग हवा. (मेंदीवर राग नाही हं.) खामगावच्या मंडळाकडे मी हेच मागणार आहे, आणि मुलींचा पहिला व्हिडिओ चौक्यातला हवा.