राया, चला नाणेघाटात!

डोंबिवलीला चौथी सीट मिळवणं हेच ज्यांचं रोजचं ट्रेकिंग, त्यांनीही कधीतरी नाणेघाट केलेला असतो. कल्याणहून मुरबाडमार्गे जुन्नरची एसटी, वैशाखऱ्याच्या पुढे उतरायचं, दोन-अडीच तास घाम गाळायचा, गुहेशी डबे उघडायचे, फोटो, परत. गुहेच्या भिंती मात्र न बघताच!

त्या भिंतींवर दोनेक हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. विषय? यज्ञ आणि दक्षिणेचा हिशोब. गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नावाची नाणी, सगळं आकड्यांसकट. दहा, शंभर, हजाराला वेगळी चिन्हं; शून्याचा पत्ताच नाही. लेख सातवाहनांच्या नागनिका राणीचा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मागच्या भिंतीवर राजघराण्याचे पुतळे होते. ते गेले, वरची नावं राहिली. त्यात एक आहे ‘राया सिमुक’. राजा नव्हे, राया. लावणीतला तोच, बॉस!

म्हणजे ही मराठी? ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा ‘बावीसशे वर्षांची मराठी’ असे मेसेज धडाधड फिरले. सॉरी, पण ही प्राकृत आहे. मराठी तिच्याच घराण्यातली, बरीच नंतरची. जिला आपण मराठी म्हणून ओळखू, तिचे लेख सापडतात ते एकदम अकराव्या शतकाच्या आसपास. अलिबागजवळच्या आक्षीच्या लेखाचं साल अनेक जण १०१२ वाचतात, काही जण जवळपास दोनशे वर्षं पुढचं. आजीला आई म्हटल्याने आजीचा मान वाढत नाही.

आणि आजीचं बोलणं आपल्याला कळतं, हेही काही कमी नाही. दक्षिण पोर्तुगाल आणि स्पेनमध्ये टार्टेसियन भाषेचे शंभराच्या आसपास कोरीव दगड मिळालेत. अक्षरांचे उच्चार बरेचसे लागतात, अर्थ नाही. जॉन कॉख हे अभ्यासक तिला केल्टिक म्हणतात, बाकीच्या बऱ्याच जणांना ते पटत नाही. त्या भाषेची नात-पणती अशी खात्रीने दाखवताच येत नाही.

आपलं कल्याणही या प्राकृतात भेटतं. नाणेघाट म्हणजे कल्याण-सोपाऱ्याचा माल जुन्नरला नेणारा तेव्हाचा हायवे. तिकडे बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत ‘कलियण’च्या दात्यांचे लेख आहेत. त्यात एक सोनार, ज्याने पाण्याचं टाकं दान दिलं.

जाल तेव्हा मोबाइलचा टॉर्च समोरून मारू नका. बाजूने तिरका धरा, अक्षरं उठून दिसतात.