फावला वेळ : डबा लपवा, गाव बघा

मैत्रिणींनो, लग्न होऊन मी जालन्याला आले त्याला अकरा वर्षे झाली. पण खरं सांगू? दोन वर्षांपूर्वीपर्यंत मला ठाऊक असलेले जालना म्हणजे घर ते शाळा, शाळा ते मंडई, आणि चतुर्थीला राजूरचा गणपती. एवढंच! गावाची ओळख झाली ती एका खेळामुळे. त्याचे नाव जिओकॅशिंग. नावाला घाबरू नका. एकाने डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश सांगायचे आणि दुसऱ्याने मोबाइल घेऊन तो शोधायचा.

हा खेळ ३ मे २००० ला अमेरिकेत सुरू झाला. उपग्रहावरून जागा दाखवणाऱ्या यंत्रणेत तिथले सरकार मुद्दाम चूक ठेवत असे; ती आदल्या एक-दोन दिवसांतच काढून टाकली होती. लगेच डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी रानात एक बादली ठेवून तिचे आकडे जाहीर केले. तीन दिवसांत ती सापडलीसुद्धा! नियम साधा : डब्यातली वस्तू घ्याल, तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवा.

खेळाच्या संकेतस्थळावर डबा नोंदवायचा तर जागेच्या मालकाची परवानगी लागते, आणि दोन डब्यांत १६१ मीटर अंतर लागते. आपण मात्र चार-पाच घरांनी मिळून घरगुती खेळ मांडावा. मोबाइलच्या नकाशावर बोट दाबून धरले की दोन आकडे दिसतात. जालना शहरात पहिला १९.८ ने आणि दुसरा ७५.८ किंवा ७५.९ ने सुरू होतो. दशांश चिन्हापुढचे चार आकडे लिहून घेतले तर साधारण दहा मीटरच्या आत पोचता येते. पुढे डोळ्यांचे काम. फोन आंब्यापर्यंत नेतो, फांदी आपणच शोधायची.

आता अनुभवाचे बोल.

पहिला डबा मी सासूबाईंचा जुना स्टीलचा घेतला आणि एका बागेत कठड्याखाली ठेवला. तासाभरात भोवती माणसं जमली. बेवारस वस्तू! रखवालदाराने सगळ्यांना लांब केले. मी धावत जाऊन डबा उघडून दाखवला, तेव्हा कुठे लोक हसले. पण आमचे हे हसले नाहीत. "बायकांनी हे उद्योग कशाला करायचे?" म्हणाले. महिनाभर खेळ बंद.

चूक माझीच होती. म्हणून सांगते, डबा पारदर्शक प्लॅस्टिकचा, घट्ट झाकणाचा घ्या. वर ठळक अक्षरांत 'मुलांचा खेळ' असे लिहा. स्टेशन, बसस्टँड, देऊळ, मशीद, कचेरी, जुनी वास्तू इथे ठेवूच नका. सगळ्यात बरं म्हणजे ओळखीच्यांचे शेत किंवा अंगण, आणि तेही विचारून.

आत छोटी वही आणि पेन्सिल ठेवा. ओलाव्यात पेन चालत नाही. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळा. टिकल्या, गोट्या, रंगीत बटणे चालतील. खाऊ नको, मुंग्या आणि कुत्री आधी पोचतात. डबा पुरू नका. दगडाखाली, बिळात हात घालू नका. आपल्याकडे विंचू कमी नाहीत. जवळ काठी ठेवावी. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आठच्या आत घरी परता. आणि ओसाड जागी एकटीने कधीच जाऊ नका. दोघी-तिघी मिळून जा.

मी शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते. अक्षांश-रेखांश फळ्यावर कितीदा काढले, पण मुलांना ते पायांनी चालल्यावरच कळले. याच निमित्ताने आम्ही निजामकाळातला घाणेवाडीचा तलाव पाहिला, अंबडला मत्स्योदरीच्या टेकडीवर चढलो. २३ सप्टेंबर १८०३ ला शिंदे-भोसल्यांच्या फौजा इंग्रजांशी जिथे लढल्या ते असई आपल्याच जिल्ह्यात आहे, हे मलाही तेव्हाच कळलं. अशा ठिकाणी डबा ठेवायचा नाही, फक्त आकडे द्यायचे आणि तिथे काय दिसले ते लिहून आणायचे.

खेळ पुन्हा सुरू कसा झाला म्हणता? सासूबाईंमुळे. "माझा डबा गेला असता तर गेला असता," त्या ह्यांना म्हणाल्या, "पण सूनबाई पहिल्यांदाच मला गावातली ठिकाणं विचारायला लागली." आता खुणा त्याच सांगतात. कुठे विहीर होती, कुठे चिंच होती, सगळं त्यांना पाठ! मागच्या रविवारी हेही आले, पाण्याची बाटली धरायला म्हणून. डबा त्यांनाच सापडला.

घरचं सगळं आवरून महिन्यातला एक रविवार असा काढा. तो आळस नव्हे, आणि चैनही नव्हे. ज्या गावात आपला जन्म जायचा, ते गाव आपल्याला ठाऊक नको का?